चोरीला गेलेला मोबाईल ‘गहाळ’ का लिहायचा?

वैशाली_कुर्ला: सोमवारी हार्बरला लोकलमध्ये चढताना पर्सची चेन उघडून १८ हजारांचा मोबाईल मारला. पोलिसांकडे गेले तर म्हणाले ताई, गहाळ लिहून द्या, लगेच दाखला मिळेल, नवीन सिमला तोच लागतो. अर्जात मी ‘चोरी’ लिहिलेलं ते खोडायला लावलं, वर ‘गहाळ’ लिहून बाजूला माझी सही घेतली. दमले होते, केली सही. आता वाटतंय चूक झाली. गहाळ म्हणजे माझ्या हातून पडला, मग चोर शोधणार कोण? माझं स्पष्ट मत, गुन्हाच नोंदवायला हवा.

सुनील_परळ: ताई, वडील ३१ वर्षं पोलिसात होते म्हणून सांगतो. एक गुन्हा म्हणजे फिर्याद, पंचनामा, जबाब, केस डायरी, आणि गर्दीत चोर कोणी बघितलेलाच नसतो, पंचनाम्याला बोलावलं की फिर्यादीच येत नाही, शेवटी कोर्टात ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. गहाळ दाखल्यावरही सीईआयआरवर (हरवलेले-चोरीचे मोबाईल बंद करायची सरकारी वेबसाइट) आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक) ब्लॉक होतो. शिवाय नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवस प्राथमिक चौकशीची सोय आहेच की.

मधुरा_ठाणे: ती सोय ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे आणि त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, ठाणे अंमलदाराने टेबलावर ठरवायची गोष्ट नाही ती. ५ हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र, १८ हजारांची दखलपात्र, म्हणजे कोर्टाला न विचारता पोलिसांना तपास करता येतो तो गुन्हा. ललिता कुमारी केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करावीच लागते. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंद. नाहीच घेतला तर त्याच संहितेच्या कलम १७३(४) खाली उपायुक्तांना पोस्टाने लेखी तक्रार, मग मॅजिस्ट्रेट.

सुनील_परळ: कायदा मान्य. पण स्टाफ आधी वाढवा, नाहीतर त्याच चार हवालदारांनी मोबाईलचे कागद रंगवायचे की बायकांच्या डब्यात रात्री उभं राहायचं?

वैशाली_कुर्ला: पण दादा, कुठल्या जिन्यावर रोज मोबाईल जातात हे कागदावरच नसेल तर तिथे माणूस उभा करायचा हे वरच्यांना कळणार कसं? स्टाफ मागायलाही तोच आकडा लागतो ना. माझ्यासोबत त्याच वेळी अजून एक मुलगी तक्रार द्यायला आलेली, तीपण ‘गहाळ’च लिहून गेली. उद्या हाफ डे टाकून बिल आणि बॉक्स घेऊन परत जातेय, चोरीचीच फिर्याद देणार आणि एफआयआरची कॉपी घेऊनच उठणार, ती फुकट द्यावी लागते.