जुनी गाडी: ऑनलाइन ऑक्शन की प्रत्यक्ष जाऊन?

नमस्कार मंडळी,
लेकीला सप्टेंबरपासून रोज रटगर्स युनिव्हर्सिटीला जायचंय, तिच्यासाठी जुनी गाडी बघतोय. सगळं मिळून सात-आठ हजार डॉलरात बसायला हवी. आमच्या घरी रोज रात्री कोपार्ट ही गाड्यांच्या ऑनलाइन ऑक्शनची साइट उघडलेली असते आणि "बघ, डीलरकडे दहाला असलेली कॅमरी इथे साडेचारला गेली" हे ऐकायला मिळतं. मला नुसत्या फोटोंवर गाडी घ्यायचा धीर होत नाहीये. प्रत्यक्ष ऑक्शनला जाऊन घेणं बरं का?
– एडिसनहून

*

ताई,
साडेचारला गेली म्हणजे बोली साडेचारला थांबली, एवढंच. त्यावर बायर फी, गेट फी, डीलरचं लायसन्स नसलेल्याला बऱ्याच गाड्यांवर थेट बोली लावता येत नाही म्हणून ब्रोकरची फी, मग टो, आणि वेळेत उचलली नाही तर रोजचं स्टोरेज. म्हणून हिशोब उलटा करा, आधी एकूण खर्च ठरवा, त्यातून फिया, टो, दुरुस्ती आणि आपल्या जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स काढा, उरेल ती शेवटची बोली, त्यापुढे पन्नास डॉलरसुद्धा जायचं नाही.

तिथल्या पुष्कळशा गाड्या इन्शुरन्सने टोटल केलेल्या, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून निकालात काढलेल्या असतात. अशी सॅल्व्हेज टायटलची (मालकीच्या कागदावरच तशी नोंद असलेली) गाडी न्यू जर्सीत थेट रस्त्यावर आणता येत नाही. दुरुस्तीआधीचे फोटो आणि लावलेल्या पार्ट्सच्या पावत्या घेऊन एमव्हीसीचं (इथलं आरटीओ म्हणा) वेगळं इन्स्पेक्शन करून घ्यावं लागतं आणि तिथेही गाडी टो करूनच न्यायची. आणि "रन अँड ड्राइव्ह" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, यार्डात आली तेव्हा सुरू झाली, गिअर पडला आणि स्वतःहून हलली इतकाच त्याचा अर्थ, पुढची गॅरंटी कोणी घेत नाही.

पण ऑनलाइन म्हणजे गाडी बघताच येत नाही असं नाही हो! बोलीच्या आधी यार्डात जाऊन बघता येतं, वेळ तेवढी विचारून घ्या. २०२१च्या आयडा वादळात इथे किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय, म्हणून सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग असेल तर तिथूनच मागे फिरा. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, डिकीत स्पेअर टायर उचलून खाली गाळ साठलाय का, तेही बघा. हे डाग फोटोत दिसत नाहीत. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, एनआयसीबी या इन्शुरन्स फसवणूक रोखणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट तपासता येतो, पण सगळ्या इन्शुरन्स कंपन्या त्यात नाहीत, तेव्हा तिथे काही सापडलं नाही म्हणजे गाडी चांगलीच आहे असं धरू नका.
– काका, पिस्कॅटवे

*

काकांचं सगळं पटलं, पण प्रत्यक्ष ऑक्शनलाही फार सोपं समजू नका. पेनसिल्व्हेनियातलं मॅनहाइम ऑक्शन १९४५ पासून चालू आहे आणि तिथे फक्त डीलर्सना प्रवेश, आपल्याला नाही. पब्लिक ऑक्शनमध्ये एकेक गाडी मिनिटा-दोन मिनिटांत जाते, टेस्ट ड्राइव्ह बहुतेक ठिकाणी नाहीच. फायदा हा की लवकर गेलं तर बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरंच गार आहे ना हे कळतं, कारण आधीच तापवून ठेवलं असेल तर गार इंजिन सुरू होताना येणारा आवाज आणि धूर तुम्हाला कळणारच नाही. मग स्टार्ट करून द्यायला सांगा आणि एक्झॉस्टकडे जाऊन उभ्या राहा. ऑक्शनियर बोलीच्या आधी फ्रेम डॅमेज, मायलेज खरं नाही वगैरे भराभर सांगून टाकतो, आणि ते सांगितलं की नंतर तक्रार चालत नाही, म्हणून उभं राहायचं ते त्याच्या जवळच.

माझं मत विचाराल तर दोन्हीपेक्षा ओळखीचा डीलर गाठा जो ठरलेली फी घेऊन मॅनहाइममधून लीजवरून परत आलेली गाडी उचलून देईल. ऑनलाइनच हवं असेल तर जीएसए ऑक्शन्स बघा, फेडरल सरकारच्या वापरातल्या गाड्या, देखभाल झालेल्या असतात. पोरीच्या गाडीला सॅल्व्हेजच्या वाटेला जाऊच नये. दुरुस्त करून रीबिल्ट टायटल झालं तरी काही कंपन्या फुल कव्हर देत नाहीत, तेव्हा आधी इन्शुरन्सला फोन.
– वहिनी, लँकेस्टर

*

काका, वहिनी, खूप आभार. दोन्ही मेल घरात मोठ्याने वाचून दाखवल्या. सॅल्व्हेज बाद, यावर एकमत झालंय. जीएसएवर जवळपास एक फोर्ड फ्यूजन दिसतेय, बोलीच्या आधी बघायची तारीखही दिलीये. काका, त्या दिवशी सोबत याल का? चहा-पोहे आमच्याकडे.
– एडिसनहून

*

येतो. टॉर्च आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) मी आणतो, तुम्ही व्हीआयएन आजच पाठवा.
– काका