सोरायसिसचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घेतलं तर चालतं का?

देवगडची_लेक:
बाबांना १४ वर्षं सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, पाठ, आता डोक्यातपण, सकाळी चादर झटकली की खपल्यांचा नुसता सडा, आणि आंब्याच्या दिवसात बागेत घाम आला की खाजवून खाजवून रक्त काढतात. मलमं झाली, मेथोट्रेक्सेटने लिव्हरचे रिपोर्ट बिघडले म्हणून बंद केलं, आता कोल्हापूरचे डॉक्टर सेक्युकिनुमॅब नावाचं इंजेक्शन म्हणतायत. आई म्हणते अंगातली ताकदच जाईल. कोणी बरीच वर्षं घेतलंय का?

मिऱ्याबंदर:
ताई, माझं चौथं वर्ष. पहिले पाच डोस आठवड्याला एक, ३०० मिलिग्रॅम, मग महिन्याला. तिसऱ्या महिन्यात पाठ साफ, किती वर्षांनी अर्ध्या बाहीचा शर्ट घातला. त्रास म्हणाल तर दोनदा तोंडात पांढरी बुरशी आली, औषधाने गेली. मध्ये पैशांमुळे पाच महिने खंड पडला तर सगळं परत उठलं, म्हणून खर्चाचं आधी नीट बघा.

सिस्टर_कणकवली:
काकूंना सांगा, हे सगळी प्रतिकारशक्ती मारत नाही, आयएल-१७ए नावाचं एक प्रथिन अडवतं. अमेरिकेत २०१५ पासून सोरायसिससाठी मंजूर आहे. पाच वर्षांच्या अभ्यासात नियमित डोसवर टिकलेल्या १०० पैकी साधारण ८९ जणांचा आजार पहिल्या वर्षअखेर किमान ७५ टक्के कमी झालेला, पाचव्या वर्षीही आकडा जवळपास तोच. पण टीबीची तपासणी केल्याशिवाय पहिली सुई नकोच! टीबी गोल्ड (टीबीची रक्ततपासणी), छातीचा एक्सरे, कावीळ बी-सी, एचआयव्ही. लपलेला टीबी निघाला तर आधी त्याच्या गोळ्या. जुलाबातून रक्त किंवा आतड्याला सूज कधी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, ते यात वाढू शकतं.

देवगडची_लेक:
टीबीचं कोणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारते. आणि फ्रीजचं काय, वादळात आमच्याकडे दोन दोन दिवस लाईट नसते?

सिस्टर_कणकवली:
२ ते ८ डिग्रीत ठेवायचं. मासळीच्या बर्फात मात्र थेट खुपसू नका, गोठलं की ते इंजेक्शन फुकट. पावसाळ्यात घरी साठवूच नका, डोसच्या दिवशी मेडिकलमधून थंड डब्यात आणून तिथेच दवाखान्यात टोचून घ्या.