मदत हवी आहे: सलूनमध्ये दिवसभर लावायला गाण्यांचा कोणता चॅनल घेऊ? (नागपूर, केबल)

नमस्कार मंडळी. मानेवाड्याकडे माझं छोटं सलून आहे, टीव्ही सकाळपासून चालू असतो आणि त्यावर गाणीच पाहिजेत, कारण बातम्या लावल्या की खुर्चीतला आणि बाकावरचा यांची राजकारणावरून जुंपते आणि वस्तरा माझ्या हातात असतो. आधी एमटीव्ही बीट्स लावून सोडून द्यायचो. तो मार्च 2025 मध्ये बंदच झाला, सोबत व्हीएच वन पण गेला (तो आमच्याकडे कोणी पाहत नव्हतं म्हणा). तेव्हापासून रिमोट घेऊन नुसता फिरून राहिलो. केबलवाल्या भाऊला विचारलं तर म्हणते, सगळे सारखेच आहे, कोणताही लावा.

मला ते पटत नाही बाप्पा. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा चॅनल व्ही आणि एमटीव्ही यातला फरक लोगो न पाहता कळायचा. व्हीवर तो काऊबॉय क्विक गन मुरुगन, एमटीव्हीवर सायरस ब्रोचा रस्त्यात लोकांना बकरा बनवायचा. आता पाच चॅनल फिरवले तर तीनवर तेच गाणं, त्यात एकावर खाली तेल विकून राहिले.

तर विचारायचं हे की जुनी हिंदी गाणी (आमचं बरंच गिऱ्हाईक पन्नाशीच्या पुढचं), मधून मधून मराठी, आणि जमलं तर फुकटवाला, असं काही आहे का? यूट्यूब लावा असं कृपया सांगू नका, दुकानात नेट मोबाईलचंच आहे आणि साबणाच्या हातानं पुढचं गाणं कोण लावणार.

प्रतिसाद – धंतोलीकर
भाऊ, ते दोन चॅनल वेगळे दिसत होते कारण त्यांचं भांडणच होतं. 1991 मध्ये स्टार टीव्हीसोबत एमटीव्ही आला, 1994 ला दोघांचं फाटलं, स्टारनं त्या जागी स्वतःचा चॅनल व्ही काढला आणि एमटीव्ही 1996 मध्ये वेगळा परत आला. सुरुवातीला इंग्रजीवर जोर होता, पण इथं हिंदी सिनेमाच्या गाण्याशिवाय दुकान चालत नाही हे लवकरच कळलं. मग 2003 पासून रोडीज हा रिअ‍ॅलिटी शो, आणि एमटीव्हीवर गाणी कमी, भांडणं जास्त. व्ही तर 2012 मध्ये पूर्ण मालिकांकडे गेला, 2016 ला परत गाण्यांवर आला आणि 2018 मध्ये आटोपलाच.

प्रतिसाद – माजी केबलवाला
तुमच्या केबलवाल्याचं अर्धं खरं आहे. मी या धंद्यात होतो तेव्हा साधी वायर होती, चॅनल मोजके बसायचे आणि गाण्यांचे शेवटी टाकायचो, जुन्या टीव्हीवर तिथं नुसत्या मुंग्या. नागपूरला सेटटॉप बॉक्सची सक्ती झाली ती 31 मार्च 2013 ची मुदत धरून. मग जागाच जागा झाली, चॅनल वाढले, पण व्हीजे, म्हणजे गाण्यांच्या मधे येऊन बोलणारे, गेले. व्हीजे म्हणजे पगार, स्टुडिओ, शूटिंग. त्यापेक्षा कॉम्प्युटरवर यादी लावली की काम झालं. आणि ज्याला ठरवून एखादं गाणं पाहायचं तो मोबाईलवर गेला. चॅनलकडे उरला तो लागेल ते ऐकणारा, म्हणजे तुमचं सलूनच. म्हणून सगळे एकाच मापाचे वाटतात.

तरी फरक आहे. 9एक्सएम (2007 चा, ते बडे-छोटे या कार्टूनच्या जोक्सवाला) म्हणजे नवी गाणी, तुमच्या बाकावरच्यांना चालणार नाही. मस्ती चॅनलवर जुन्या-नव्याची मिसळ, मी आधी तोच लावून पाहिला असता. मराठीसाठी 9एक्स झकास, तो 2011 मध्ये फक्त मराठी गाण्यांसाठीच निघाला होता, आणि दुसरा चॅनल संगीत मराठी. फेब्रुवारी 2019 पासून प्रत्येक पे चॅनलची किंमत वेगळी लिहिलेली असते, त्यामुळे बॉक्सवर चॅनलची माहिती उघडून पाहा आणि नुसत्या गाण्यांसाठी मोठा पॅक गळ्यात मारून घेऊ नका. एक मात्र, सकाळी अकराला पाहून ठरवू नका, संध्याकाळी गर्दीच्या वेळी काय लागते ते पाहा, तेव्हा यादी बदलते.

आणि हो, दुकानात गाणी वाजवायला गाण्यांचे हक्क असणाऱ्यांचा वेगळा परवाना लागतो, घरच्या कनेक्शनमध्ये तो येत नाही. कोणी सांगत नाही म्हणून सांगून ठेवतो.

प्रतिसाद – धागाकर्ता
दोघांचेही आभार. परवान्याचं डोक्यातच नव्हतं, विचारतो. मस्ती आजच लावला, एका काकांनी दाढी झाल्यावरही अजून एक गाणं होऊ दे म्हणून खुर्ची सोडली नाही, मागं दोघं ताटकळत. आता फक्त एक सांगा, जाहिरात लागली की आवाज एकदम का वाढते आणि बॉक्समध्ये तो बांधून ठेवायची काही सेटिंग असते का, की टीव्हीतच करावी लागते?