मदत हवी आहे: नियम आमच्यासाठी, पण ऑर्डर जायची वेळ आली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. गेल्या वर्षी उलाढाल पहिल्यांदाच ५ कोटींवर गेली आणि जीएसटीचं ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू झालं. आता बिल क्यूआर कोडचं, पण कुठल्या मशीनवर किती नग निघाले ते अजून बाबांच्या डायरीतल्या पेन्सिलीच्या खुणांतच! सरकारच्या धाकाने कॉम्प्युटर ऑफिसात आला, शॉपफ्लोअरवर काही पोचला नाही. साधं, मराठीत चालणारं प्रॉडक्शनचं सॉफ्टवेअर कुणी वापरतं का?

खरी चिंता वेगळीच आहे. २०२३च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात घातलेल्या ४३बी(एच) या तरतुदीमुळे आमच्यासारख्या लघुउद्योगांचं बिल करार असला तरी ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर ग्राहकाला खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. आमचा एक मोठा ग्राहक सरळ म्हणतो, "उद्यम नोंदणी रद्द करा, मग पुढची ऑर्डर." लघुउद्योग म्हणून असलेली ही सरकारी नोंदणी सोडली तर हक्क जातो, ठेवली तर काम.

त्या कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे, म्हणजे ट्रेड्सवर (TReDS, लघुउद्योगांची बिलं वटवून आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) नोंदणी तिला बंधनकारकच. तिथे बिल टाकून आधी पैसे उचललेत का कुणी? ग्राहकाने बिल मंजूर करायला किती दिवस लावले, आणि व्याज धरून परवडलं का?