मदत हवी आहे: मेडिकलच्या पोरांची भयकथा, आणि आजोबांच्या चोपडीतलं एक नाव

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी.

मी सांगलीची. आमचा नऊ जणांचा नाटकाचा ग्रुप आहे, विश्रामबागेत एका मैत्रिणीच्या गच्चीवर तालमी चालतात. यंदाची एकांकिका मी लिहितेय आणि बरोबर मध्यावर येऊन अडकलेय. डॉक्टर, सिस्टर, नाटकवाले, जे कुणी असाल त्यांनी वाचून जरूर लिहा.

मिरजेत एमबीबीएस करणारे पाच विद्यार्थी. त्यातला एक ठरवतो की थोडा वेळ मरायचं, पलीकडे काय आहे ते बघायचं आणि परत यायचं. बाकीचे चौघे त्याला परत आणणार. एवढं सांगितलं की समोरचा लगेच 'फ्लॅटलाइनर्स'चं नाव घेतो. १९९० सालचा जोएल शूमाकरचा आणि २०१७ मध्ये नव्याने काढलेला, दोन्ही मी पाहिलेत. तिथे परत आलेल्यांच्या मागे त्यांनी पूर्वी केलेली पापं लागतात. माझी गोष्ट तिथून आलेली नाही. ती आमच्या घरातून आलीय.

माझे आजोबा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. मी चौथीत असताना त्यांना अटॅक आला. मिरजेला नेलं, मॉनिटर लावला आणि रात्री तिथेच हृदय थांबलं. शॉक देऊन परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आत गेली तर म्हणाले, "दोघं आलतं. एकाच्या काखेत चोपडी. लई वेळ बसवून ठेवलं, दोन आठवडी बाजार उठले असतील एवढा. मग नाव वाचलं आणि दुसरा म्हणाला, ह्यो न्हवं. ह्येच नाव, पण पलीकडचा."

पलीकडची खाट सकाळी रिकामी होती. चादर बदललेली. त्या माणसाचं नाव आजोबांचंच होतं, आडनाव तेवढं वेगळं.

आजोबा पुढे बरीच वर्षं जगले. दर संक्रांतीला तासगावच्या बाजूच्या एका गावात त्या माणसाच्या घरी गूळ आणि हळद घेऊन जायचे. "शेजारच्या खाटेवर होतो," एवढंच तिथे सांगितलेलं. नोकरी सुटल्यावरसुद्धा लक्ष्मीपूजनाला एक लाल वही आणायचेच. वर श्री, खाली डाव्या हाताला, जमेच्या बाजूला त्या माणसाचं नाव, आणि रकमेची जागा कोरी. आम्हाला वाटायचं कुणाचं तरी जुनं देणं असेल. ते गेल्यावर वह्या काढल्या तर प्रत्येकीच्या पहिल्या पानावर तेच. बाकी वही कोरी.

नंतर वाचनात आलं की असं सांगणारे आजोबा एकटे नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ मरणासन्न अनुभवांवर लिहिलंय. पाश्चात्त्य लोकांच्या कथनात बोगदा, उजेड, वरून दिसणारं स्वतःचं शरीर हे वारंवार येतं. आपल्याकडच्या लोकांनी सांगितलं ते दूत, हिशेबाची वही आणि 'चुकीचा माणूस आणलात, याला सोडा'. वाचताना अंगावर काटा आला होता.

माझ्या एकांकिकेचं भय तिथे आहे. पोरगा परत येतो, सगळे आनंदाने नाचतात, आणि त्याच रात्री वॉर्डात त्याच्या नावाचा एक पेशंट जातो. तरीही दुसरी जायला तयार होते. पुढे प्रत्येकाच्या परत येण्याची किंमत कुणीतरी अनोळखी माणूस देत राहतो.

आता अडलंय ते असं. मॉनिटरवर रेषा सपाट झाली, पॅडल लावलं, शरीर उसळलं, टुक टुक सुरू, असं मी लिहिलं होतं. ग्रुपमधल्या एकाची बहीण नर्सिंगला आहे, तिने "असं नसतं" म्हणून पान परत दिलं. मग असतं कसं? माणूस किती वेळ 'गेलेला' राहून परत येऊन बोलू शकतो? आणि प्रेक्षागृहात निम्मे डॉक्टर बसतील, मिरज शेजारीच आहे. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत हातातलं तिकीट चुरगळलं तर पुढची भीती कुणाला वाटणार?

शेवटचं, जे मला रात्री झोपू देत नाही. आजोबांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी ते रंगमंचावर मांडू का?

---

भूलतज्ज्ञ_मिरज

त्या नर्सिंगवाल्या बहिणीचं बरोबर आहे. सपाट रेषेवर, म्हणजे असिस्टोलमध्ये, शॉक देत नाहीत, कारण उपयोग नाही. शॉकने हृदय सुरू होत नाही. व्ही-फिबमध्ये हृदय नुसतं थरथरत असतं, रक्त पुढे ढकलत नाही. शॉक त्या थरथरीला क्षणभर गप्प करतो, म्हणजे हृदयाची स्वतःची लय पुन्हा डोकं वर काढू शकते. जिथे थरथरच नाही तिथे गप्प काय करणार? तिथे छाती दाबणं आणि दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन. म्हणून मॉनिटरवर सपाट रेषा दाखवू नका, वेडीवाकडी नागमोडी रेषा दाखवा. डॉक्टर प्रेक्षक तिलाच घाबरतो.

वेळेचं असं. हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. छाती न दाबता चार-पाच मिनिटं गेली की मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. आणि बराच वेळ दाबून परत आणलेला माणूस उठून संवाद म्हणत नाही. घशात नळी, व्हेंटिलेटर, पुढचे काही दिवस आयसीयूत. तुमचे आजोबा सकाळी बोलू शकले कारण ते मॉनिटरवर होते आणि शॉक बहुधा मिनिटभरात मिळाला. तुमच्या नाटकाला ही अडचण नाही, उलट हाच आधार आहे. तो मिनिटभरच गेला होता आणि तिथे दोन बाजार उठले. हा फरक पकडा.

एक विनंती. त्याचं हृदय त्यांनी कसं थांबवलं हे अजिबात दाखवू नका, नावानेही नको. पोरं येतात बघायला. तिथे अंधार करा.

---

तिसरी_घंटा

डॉक्टरांनी अंधार म्हटलं ते नाटक म्हणूनही योग्यच. मी सांगलीत चाळीस वर्षं नाटकाचा पडदा ओढतोय. मॉनिटर प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवू नकोस पोरी. पाठ दिसू दे, हिरवा उजेड चौघांच्या चेहऱ्यावर पडू दे. रेषा आम्ही त्यांच्या डोळ्यांत बघू.

आणि दूत आणू नकोस. काळे कपडे, धूर, घुमणारा आवाज, काही नको. वहीचं पान उलटल्याचा आवाज फक्त. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा देव-राक्षस रंगून यायचे, तो काळ वेगळा. "ह्यो न्हवं" हे वाक्य जो परत आलाय त्याच्याच तोंडून येऊ दे. शहरी भाषा बोलणारा पोरगा, आणि ते एकच वाक्य आजोबांच्या बोलीत.

---

रात्रपाळी

मी सिस्टर आहे, सरकारी नोकरीत आहे म्हणून जास्त ओळख देत नाही. कुणी न सांगितलेलं थोडं सांगते.

छाती दाबणं मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे. दोन मिनिटांत चांगल्या दणकट पोराला घाम फुटतो, म्हणून माणूस बदलायचा. बरगडी मोडली तर हाताला कळतं, तरी थांबायचं नाही. तुमचे नट हळुवार दाबतील, ते लगेच खोटं दिसेल. खरा माणूस आडवा ठेवून खरं दाबायचं नसतं हेही लक्षात असू द्या. खाटेवर उशांचा गठ्ठा ठेवा, वर चादर, आणि तो पोरगा काळोखात बदला.

एकजण कोपऱ्यात उभं राहून वेळा लिहीत असतं, हे सिनेमात कधीच दिसत नाही. किती वाजता सुरू, किती वाजता शॉक, किती वाजता इंजेक्शन. वाचताना माझ्या मनात आलं, तुमच्या पाच जणांत लिहिणारी एक मुलगी ठेवा. पलीकडे चोपडी आणि अलीकडेही चोपडी.

आणि पेशंट वाचला तरी खाली फरशीवर फोडलेल्या इंजेक्शनच्या काचा, रिकाम्या पाकिटांचे तुकडे, कुणाचीतरी निसटलेली चप्पल. ते उचलायचं काम उरतं. सगळे नाचत असताना एकीला ते उचलू द्या.

---

मेंदूवाला

विरस करायचा नाही, पण दुसरी बाजूही संहितेत हवी. हृदयविकाराच्या वॉर्डात एका रात्री दोन खाटांवर गंभीर माणसं असणं नवल नाही, आणि आपल्याकडे त्या पिढीत एकच नाव दोघांना असणंही नाही. नेदरलँड्समध्ये पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ जणांना विचारलं, त्यातल्या ६२ जणांनी असा काही अनुभव सांगितला. २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये आलंय. म्हणजे बहुतेकांना काहीच आठवत नाही. सॅम पार्निया यांच्या २०१४ च्या अभ्यासात तर वॉर्डात उंचावर फळ्या लावून, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. ती पाहिली असं कुणी सांगितलं नाही. २०२३ मध्ये जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने व्हेंटिलेटर काढलेल्या चार पेशंटचे मेंदूचे आलेख छापले. त्यातल्या दोघांत शेवटी गॅमा नावाच्या वेगवान मेंदूलहरी वाढलेल्या दिसल्या. विझताना मेंदू काहीतरी करतो एवढं नक्की. काय बघतो ते ठाऊक नाही.

पाचातला एक हे सगळं जाणणारा असू दे. आणि त्याला शेवटी मूर्ख ठरवू नका.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अडीचपर्यंत बसून मधला प्रवेश पुन्हा लिहिला.

मॉनिटरची पाठ प्रेक्षकांकडे. वेळा लिहिणारी मुलगी आता मध्यवर्ती झालीय. डॉक्टर, मिनिटाचा फरक तिच्या हातात दिलाय: ती वाचते, "दोन वाजून चार, शॉक. दोन वाजून पाच, नाडी." तो म्हणतो, "दोन बाजार उठले." सिस्टर, फरशी तीच साफ करते, आणि साफ करताना वॉर्डातून फोन येतो.

मेंदूवाला दादा, तुमचं पटलं. माझ्या वडिलांचंही तेच म्हणणं आहे, योगायोग. पण आजोबांना काय दिसलं यापेक्षा त्यांनी त्यानंतर काय केलं हे मला जास्त मोठं वाटतं. मेंदूने रचलं असेल तरी गूळ-हळद घेऊन एसटीने जाणारा माणूस खराच होता. तुमचा तो जाणकार विद्यार्थी मी ठेवलाय. त्याची पाळी येते तेव्हा तो "मला नका परत आणू" म्हणतो, आणि तो मूर्ख नाही, एवढी काळजी घेतलीय.

माझ्या शेवटच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, बहुधा ते माझंच काम आहे. आईशी बोलले. आजोबा गेल्यापासून त्या घरी कुणी गेलेलं नाही. येत्या संक्रांतीला मी आणि आई गूळ-हळद घेऊन जाणार आहोत. त्यांना सगळं सांगणार, वह्या दाखवणार. ते नको म्हणाले तर चोपडी आणि नाव दोन्ही काढेन, मग नाटक जसं उभं राहील तसं. तोवर तालमीत नावाच्या जागी नट नुसते थांबतायत.

सिस्टर, अजून एक. वेळा लिहायला तुमच्याकडे छापील तक्ता असतो की साधा कागद घेता? मुलीच्या हातात नेमकं काय द्यायचं ते ठरवायचंय.

---

रात्रपाळी

तक्ता असतो, पण त्या घाईत तो शोधत कोण बसतं? जे हाताला लागेल ते. मी ग्लोव्हजच्या खोक्याच्या झाकणावर लिहिलंय, हातावरही लिहिलंय, नंतर केसपेपरवर उतरवायचं. तिला हातावर लिहू दे. निळं पेन द्या, घामाने पसरलेलं दिसतं.