मदत हवी आहे : कोलायटिससाठी ‘चिंग दाई’ ही चिनी भुकटी घ्यावी का?

नमस्कार. खानापूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला तीन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होण्याचा आजार) असून मेसालामिनच्या गोळ्या चालू आहेत. तरीही महिनाभरापासून शौचातून पुन्हा रक्त पडू लागले आहे. एका नातेवाइकांनी त्याला ‘चिंग दाई’ नावाची चिनी भुकटी आणून दिली आहे. ती म्हणजे नीळच; चमचा दोनदा घासला तरी निळी छटा जात नाही, आणि पाकिटावरचे एकही अक्षर आम्हाला वाचता येत नाही.

जपानमध्ये 86 रुग्णांवर झालेल्या चाचणीत या भुकटीने आठ आठवड्यांत अनेकांना आराम पडला, परंतु ती घेणाऱ्या काहींच्या फुफ्फुसाच्या धमन्यांतील रक्तदाब वाढल्याचे आढळून तिथल्या सरकारने 2016 मध्ये इशारा दिला, हे वाचल्यापासून मी पाकीट कपाटात कुलूप लावून ठेवले आहे. भाऊ नाराज आहे. रात्रीतून सहा वेळा उठावे लागणाऱ्याला दोष तरी कसा द्यावा?

ही भुकटी कोणी घेतली असल्यास ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली का, आणि त्या काळात हृदयाची इको तपासणी झाली का, हे कृपया कळवावे. तसेच बेळगाव किंवा हुबळीत असा विषय न झिडकारता ऐकून घेणारे पोटविकारतज्ज्ञ असल्यास जरूर सुचवावे.