'मानवतावादी हस्तक्षेप' चालेल का?

सुमेधा_क: लिबियावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'ह्युमॅनिटेरियन इंटरव्हेन्शन'ला 'मानवतावादी हस्तक्षेप' लिहिलं, तर संपादकांनी लाल रेघ मारली. म्हणे, हस्तक्षेप म्हणजे ढवळाढवळ, ती मानवतावादी कशी? १९५४च्या भारत-चीन पंचशील करारात 'अंतर्गत बाबींत हस्तक्षेप नको' आहे खरं, पण तिथे मूळ शब्द 'इंटरफिअरन्स'. आपल्याकडे दोन्हींना एकच!

बोरूबहाद्दर: कोर्टात हस्तक्षेप याचिका करतात, तिला कोणी ढवळाढवळ म्हणतं का? रूढ आहे, ठेवा.

फुकटचा_सल्ला: आमची आजी 'मध्ये पडणे' म्हणायची. वाड्यात कुणा नवराबायकोचं जुंपलं की आजोबांना दम, "तुम्ही मध्ये पडू नका." स्वतः मात्र लाटणं घेऊन हजर. १९९९ला नाटो ही पाश्चात्त्य लष्करी आघाडी कोसोवोत अशीच पडली. ७८ दिवस बॉम्बफेक, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता.

कानामात्रा: मला 'मानवतावादी'च खुपतं. यात वाद कुठून आला? 'माणुसकीच्या नात्याने' म्हणा.

बोरूबहाद्दर: माणुसकीच्या नात्याने बॉम्बफेक? वा!

जुना_खलाशी: ४ जून १९८७ आठवा. आपल्या पाच एएन-३२ मालवाहू विमानांनी श्रीलंकेतल्या जाफन्यावर सुमारे २५ टन मदत टाकली, सोबतीला मिराज लढाऊ विमानं. आदल्या दिवशी मदतीच्या होड्या लंकेच्या नौदलाने परत धाडल्या होत्या. दिल्ली म्हणाली मदत, कोलंबो म्हणालं सार्वभौमत्वाचा भंग. आता पोती मानवतावादी आणि मिराज हस्तक्षेप, असं धरायचं का?

सुमेधा_क: 😄 अजून एक. लिबियावरचा सुरक्षा परिषदेचा २०११चा ठराव, क्रमांक १९७३, त्यातलं 'ऑल नेसेसरी मेझर्स'. मी लिहिलं 'आवश्यक त्या सर्व उपाययोजना'. वाचताना नालेसफाईचं परिपत्रक वाटतं. प्रत्यक्षात दोन दिवसांत हवाई हल्ले सुरू! दहा मतं बाजूने, भारतासकट पाच देश तटस्थ.

कानामात्रा: गंमत बघा, 'क्षिप्' म्हणजे फेकणे. हस्तक्षेप आणि क्षेपणास्त्र सख्खी भावंडं.

फुकटचा_सल्ला: प्रक्षेपणास्त्र ना?

कानामात्रा: क्षेपणास्त्रच. तो 'प्र' हिंदीची लागण.

बोरूबहाद्दर: लागण कसली? उपसर्ग संस्कृत आहे. मग टीव्हीचं प्रक्षेपणही बंद करा.

सुमेधा_क: अहो, लेख उद्या सकाळी द्यायचाय!

कानामात्रा: टीव्हीचं वेगळं. तिथे अस्त्र नाही.